नांव कोरलेला दगड

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही तीर्थपुरीस घरीं गेलों होतों. तेथें बाजारांत आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. क्षेमकुशल झाल्यावर त्यांनीं जरा हंसत, पण मनांत बरेच दिवस राहिलेलें बोलावें अशा सुरांत, आम्हांस विचारलें, "गुरुजी, आमचा पोरगा सांगतो, तुम्हीं वर्गांत ग्रीस देशांतल्या थडग्यांचीं चित्रें दाखविलीं. अडीच हजार वर्षांमागें मेलेल्या माणसांचीं नांवें आमच्या पोरांना कशाला? इथं विहिरीला पाणी नाहीं."

प्रश्न सरळ होता आणि विचारणारा गृहस्थ कष्टाळू व समंजस. त्या वेळीं आम्हीं कांहींतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. परंतु घरीं आल्यावर आपल्या उत्तराची आम्हांस लाज वाटली. पालकांनीं मनापासून विचारलेल्या प्रश्नास शिक्षकानें तितक्याच मनापासून उत्तर दिलें पाहिजे. म्हणून शाळेच्या या वार्षिकांत तें उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहों. तें त्या गृहस्थांस तर आहेच, पण तीर्थपुरी, अंबड, घनसावंगी या भागांतील ज्या ज्या घरीं हा अंक जाईल, त्या सर्वांसही आहे.

प्रथम हे दगड कसे असतात तें सांगतों. अथेन्स शहराच्या वेशीबाहेर केरामेइकॉस नांवाची जुनी स्मशानभूमि आहे. त्या नांवाचा अर्थ कुंभारवाडा असाच आहे, कारण त्या भागांत कुंभारांची वस्ती होती. वाटेच्या दोन्ही अंगांस मृतांचे दगड उभे करण्याची तेथें रीत असे; त्यामुळें गांवांत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दृष्टीस ते आपोआप पडत. दगड बहुधा संगमरवराचा, उभ्या फळीसारखा. त्यावर मृत व्यक्तीचें उठावदार चित्र आणि वरच्या बाजूस नांव. कांहीं दगडांवर चार ओळींचें काव्य असतें. पण पुष्कळांवर मृताचें नांव, बापाचें नांव आणि गांव यांपलीकडे कांहींच नसतें. आपल्याकडे अनोळखी मुलगा दिसला कीं म्हातारीं माणसें विचारतात, "तूं कुणाचा रे? कुठल्या गांवचा?" त्या प्रश्नांचींच हीं उत्तरें होत.

यांतील एक दगड हेगेसो नांवाच्या स्त्रीचा आहे. तो १८७० सालीं केरामेइकॉस येथें सांपडला आणि इ. स. पूर्व पांचव्या शतकाच्या अखेरीचा आहे. खुर्चीवर एक स्त्री बसली आहे. दासी समोर पेटी धरून उभी आहे. आणि ती स्त्री पेटींतून एक दागिना उचलून त्याकडे पहात आहे. आज तो दागिना दिसत नाहीं. तो रंगानें काढलेला असावा आणि रंग उडून गेला. शोकाचा आक्रोश नाहीं, पराक्रमाचें वर्णन नाहीं. घरांत रोज घडणारी एक साधी गोष्ट. आणि वर तिचें व तिच्या बापाचें नांव. दुसरा दगड डेक्सिलेऑस या घोडेस्वाराचा, १८६३ सालीं सांपडलेला. इ. स. पूर्व ३९४ सालीं कॉरिंथच्या लढाईंत तो पडला. त्याच्या दगडावर नांव, बाप आणि गांव यांशिवाय जन्माचें व मृत्यूचें वर्षही दिलें आहे, आणि ही गोष्ट त्या काळीं फार दुर्मिळ. हिशेब केला असतां त्याचें वय सुमारें वीस वर्षांचें ठरतें. म्हणजे आमच्या दहावीच्या मुलांहून तो चार-पांच वर्षांनींच मोठा होता. तिसऱ्या एका दगडावर आंफारेते नांवाची आजी आपल्या लेकीचें तान्हें मूल मांडीवर घेऊन बसली आहे. आजी व नातवंड दोघेंही वारलेलीं आहेत, असें वरील लेख सांगतो. हें चित्र वर्गांत दाखविलें तेव्हां नेहमीं गडबड करणारीं मुलेंही गप्प बसलीं.

परंतु ग्रीक लोकांची केवळ स्तुति करण्याचा आमचा हेतु नाहीं. हेगेसोच्या समोर पेटी धरून उभ्या असलेल्या दासीचें नांव त्या दगडावर नाहीं. ज्याच्याजवळ पैसा त्याचा दगड मोठा, ही तऱ्हा तेथेंही होती. इतकी कीं, इ. स. पूर्व ३१७ नंतर फालेरॉनच्या डेमेट्रियसनें कायदा करून थडग्यांवरील डामडौल बंद केला. त्यानंतर श्रीमंतांसही एक आंखूड खांब आणि त्यावर नांव यांवरच समाधान मानावें लागलें.

हे सर्व दगड आपल्या हातीं धड आले असें मात्र नाहीं. उत्खननांत बहुधा तुकडे निघतात: कोठें एखादा हात, कोठें वस्त्राची चुणी, कोठें नांवांतील तीनच अक्षरें. इराणी सैन्यानें अथेन्स उध्वस्त केल्यावर इ. स. पूर्व ४७९ च्या सुमारास थेमिस्टोक्लीसच्या सल्ल्यानें तेथील लोकांनीं गांवाभोंवतीं तट बांधावयास घेतला. शत्रूची भीति होती आणि वेळ थोडा होता. बायकामुलांसकट सारे राबले, आणि हाताशीं येईल तो दगड त्यांनीं भिंतींत घातला. त्यांत थडग्यांचे कोरीव दगडही गेले, असें इतिहासकार थुसिडिडीज यानें लिहून ठेविलें आहे. १९२२ सालीं त्या तटांतून असे कांहीं दगड खरोखरच बाहेर निघाले. त्यांपैकीं एकावर तरुण मुलें चेंडू खेळत आहेत! आपल्या पूर्वजांचे दगड अथेन्सच्या लोकांनीं आपल्याच हातांनीं चिणले होते.

आणखी एक हकीकत सांगतों, कारण आमच्या मताचा सारा आधार तिच्यावर आहे. ॲटिका प्रांतांत मेरेंडा नांवाचें गांव आहे. तेथील एका जुन्या चर्चच्या बांधकामांत लेख असलेला एक दगड बसविलेला होता. फ्रासिक्लेया नांवाची मुलगी लग्नापूर्वींच वारली, म्हणून तिला कायमचें कुमारीच म्हटलें जाईल, असा त्या लेखाचा आशय. हा लेख अठराव्या शतकापासून विद्वानांस ठाऊक होता. पण ज्या मूर्तीखालीं तो बसविलेला होता ती मूर्ति कोठें आहे, हें कोणासच माहीत नव्हतें. पुढें १९७२ सालीं त्याच परिसरांत जमिनींत पुरलेली एका मुलीची संगमरवरी मूर्ति निघाली. आणि तिच्या पायथ्याचें शिशाचें कडें त्या लेखाच्या दगडास बरोबर जुळलें. नांव एकीकडे होतें आणि चेहरा दुसरीकडे. दोन्ही कित्येक शतकांनीं एकत्र आलीं. असें कां झालें? दोन्ही वस्तु आपल्या जागेपासून फार दूर गेल्या नव्हत्या म्हणून. त्यांतील एखादी कोणी हौसेनें उचलून परमुलखांत नेली असती, तर ही जोडी कदाचित् कधींच जुळली नसती.

कोणी म्हणेल, हें सर्व परदेशचें. पण आपल्या महाराष्ट्रांतही याच जातीचे दगड आहेत, आणि तेही फार जुने. पुणें जिल्ह्यांत मळवली स्टेशनजवळ भाजें येथील लेण्यांत चौदा लहान स्तूपांचा एक समूह आहे. ते तेथें राहून गेलेल्या वृद्ध भिक्षूंचे स्मारक होत. कांहींवर धम्मगिरि, संघदिन अशीं नांवें आजही वाचतां येतात. जवळच बेडसें येथें गोभूति नांवाच्या भिक्षूचा स्तूप आहे. तो अरण्यांत राहणारा व भिक्षेवर निर्वाह करणारा होता, आणि हा स्तूप त्याच्या शिष्यानें करविला, एवढें लेखांत सांगितलें आहे. ज्यानें आयुष्यभर स्वतःचें म्हणून कांहीं ठेविलें नाहीं, त्याचें नांव शिष्यानें मात्र दगडावर ठेविलें. मुंबईजवळ कान्हेरी येथें विटांच्या स्तूपांची ओळच आहे, आणि डॉ. शोभना गोखले यांनीं तेथील मृत भिक्षूंचे स्मृतिलेख शोधून वाचले.

ग्रीकांचा आणि आपला संबंधही वाटतो तितका दूरचा नाहीं. पहिल्या शतकांत एका अनाम ग्रीक व्यापाऱ्यानें समुद्रप्रवासाची जी माहिती लिहून ठेविली, तींत भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरील पैठणचा उल्लेख आहे आणि त्यापुढील तगर म्हणजे आपल्या तेरचाही. ज्या गोदावरीच्या खोऱ्यांत आपली तीर्थपुरी आहे, त्याच खोऱ्यांतून हा माल समुद्राकडे जात असे. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील कांहीं खांब 'यवन' म्हणविणाऱ्या लोकांनीं दिलेले आहेत, असें त्या खांबांवरच लिहिलें आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नांवाच्या एका यवनानें दिलेल्या दोन पाण्याच्या टांक्यांचा लेख आहे. यवन म्हणजे ग्रीक अथवा ग्रीकांशीं संबंध असलेले पश्चिमेकडील लोक. या इरिलविषयीं आज जगास जवळजवळ एवढेंच ठाऊक आहे कीं, तो परक्या वंशाचा होता आणि त्यानें येथल्या लोकांस पाणी दिलें.

आतां आपल्या गांवांकडे वळूं. मराठवाड्यांत फिरतांना देवळाच्या आवारांत, वेशीपाशीं किंवा शेताच्या बांधावर उभा चौकटींचा दगड पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याला वीरगळ म्हणतात. खालच्या चौकटींत लढाई किंवा पळविलेल्या गुरांमागें धांवणारा वीर. मधल्या चौकटींत अप्सरा त्यास स्वर्गीं नेत आहेत. वरच्या चौकटींत तो शिवलिंगाची पूजा करीत आहे. आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. दुसऱ्या जातीचे दगड सतीचे: एक खांब, त्यांतून निघालेला कोपरांत वांकलेला हात आणि हातांत बांगड्या. कर्नाटकांत वीरगळांवर पुष्कळदां लेख असतात; महाराष्ट्रांतील बहुतेक वीरगळ मात्र मुके आहेत. वीराचें शौर्य दिसतें, नांव दिसत नाहीं. सतीच्या दगडावर बांगड्या मोजतां येतात. पण ती कोण, कोणाची लेक, हें कळत नाहीं. जिला जिवंत जाळलें तिचें नांव लिहिण्याचीही कोणास गरज वाटली नाहीं, हें पाहून मन विषण्ण होतें. हेगेसोचा दगड आम्हीं वर्गांत दाखविला तो याच कारणासाठीं.

येथें आम्हांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वीरगळास शेंदूर फांसून त्याची पूजा करणाऱ्या खेडुतांस शहरांतील शिकलेलीं माणसें हंसतात. आम्ही ख्रिस्ती आहों. ती पूजा आमची नव्हे. परंतु निष्पक्षपणें पाहिलें तर, शेंदरानें दगडावरील रेघा बुजल्या हें जितकें खरें, तितकेंच हेंही खरें कीं, त्या शेंदरामुळें दगड जाग्यावर राहिला. ज्या दगडास कोणी देव मानलें नाहीं, तो धुण्याचा दगड झाला, गोठ्याची पायरी झाली, किंवा रस्त्याच्या खडींत गेला. नाश करण्यांत शिकलेल्यांचा वांटा लहान नाहीं. आणि त्यांत आमचा स्वतःचाही आहे. तो आतां सांगतों.

आमचें आजोळ एका लहान गांवीं होतें. तेथील ख्रिस्ती मंडळीच्या स्मशानभूमीस कुंपण नव्हतें, आणि गुरें आंत शिरत. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असतांना मंडळीनें भिंत बांधावयाचें ठरविलें. पैसा थोडा होता, दगड महाग होता. तेव्हां जुन्या, ढांसळलेल्या कबरींचे दगड पायांत घालावे असें ठरलें. कोणाच्याही मनांत वाईट नव्हतें. मृतांच्या रक्षणासाठींच तर भिंत बांधावयाची होती! आम्हीं मुलांनीं ते दगड मोठ्या हौसेनें वाहून नेले. त्यांत आमच्या आईच्या आजीचा एक हातभर लांबीचा काळा दगड होता. पाथरवटानें त्यावर वेडींवांकडीं अक्षरें कोरलीं होतीं. आम्हीं तीं बोट फिरवून वाचलीं, आणि दगड पायांत ठेवून दिला.

पुढें वयांत आल्यावर पणजीचें नांव जाणून घ्यावें असें वाटलें. आईस ठाऊक नव्हतें. घरांत सगळीं तिला 'थोरली आई' म्हणत आणि गांव तिला मुलाच्या नांवानें ओळखी. मंडळीची जुनी नोंदवही वाळवीनें खाल्ली होती. तिचें स्वतःचें नांव साऱ्या जगांत एकाच ठिकाणीं लिहिलेलें होतें, आणि तें आम्हीं आपल्या हातांनीं मातीखालीं घातलें. पहिलें अक्षर 'सा' होतें, एवढेंच आठवतें. साळूबाई? सावित्रीबाई? साराबाई? अथेन्सच्या तुकड्यावरील तीन अक्षरांवरून पूर्ण नांव जुळविणाऱ्या विद्वानांविषयीं वाचतों, तेव्हां आम्हांस तें 'सा' आठवतें. देवास तिचें नांव ठाऊक आहे, ही आमची श्रद्धा आहे; पण त्या श्रद्धेनें आमची चूक भरून निघत नाहीं. थेमिस्टोक्लीसच्या लोकांस निदान शत्रूची भीति होती. आमच्यासमोर फक्त गुरें होतीं.

आमचें मत थोडक्यांत असें आहे. जुना दगड, मग तो वीरगळ असो, सतीचा असो, लेखाचा असो वा कबरीचा असो, आहे त्या जागीं राहूं द्यावा. कांहीं उत्साही मंडळी म्हणतात कीं, असे दगड गोळा करून शाळेंत मांडावे. आम्ही त्याशीं सहमत नाहीं. दगड नाहींसा होण्याचें भय असेल तरच तो हलवावा, आणि तोही पुरातत्त्व विभागास कळवून. वेशीवरचा वीरगळ वेशीवर आहे म्हणूनच लढाई कोठें झाली असावी याचा कांहीं सुगावा लागतो. शाळेच्या व्हरांड्यांत आणल्यावर तो केवळ शोभेचा दगड होतो. शंभर वर्षांहून जुनें शिल्प वा शिलालेख १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतो, आणि खासगी माणसास तो परदेशीं पाठवितां येत नाहीं, हेंही पालकांनीं लक्षांत ठेवावें. गांवांत कोणी अनोळखी मनुष्य चार पैसे देऊन 'पडीक' मूर्ति मागूं लागला, तर ती पडीक नाहीं असें समजावें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठीं काम आहे, आणि त्यास पैसा लागत नाहीं. पुढील सुटींत एक वही घ्या. आपल्या शिवारांत असा दगड असेल तर त्याची उंची-रुंदी मोजा, चौकटी मोजा, तो कोणाच्या शेतांत व कोणत्या दिशेस तोंड करून उभा आहे तें लिहा. घरीं मोबाइल असेल तर सकाळीं किंवा मावळतीच्या वेळीं छायाचित्र घ्या. ऊन तिरपें पडतें तेव्हां पुसट अक्षरांच्या कडांवर सांवली धरते, आणि भर दुपारीं न दिसणारें अक्षर दिसूं लागतें. अक्षरांत खडू किंवा रंग भरूं नका, खिळ्यानें खरवडूं नका, शेंदूर काढण्याच्या भरीस पडून कोणाच्या भावना दुखवूं नका. त्या दगडाविषयीं म्हातारीं माणसें काय सांगतात तें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आणि त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या आजीचें, पणजीचें व तिच्या आईचें नांव लिहा. सासरचें नव्हे, तिचें स्वतःचें. तें विचारावयास हीच वेळ आहे. आम्हीं ती दवडली.

राहिला तीर्थपुरीच्या गृहस्थांचा प्रश्न. विहिरीस पाणी नाहीं हें दुःख खरें आहे, आणि त्यापुढें थडग्यावरचें नांव क्षुल्लक वाटणें स्वाभाविक आहे. पण जुन्नरच्या इरिलचें टांकें आठवावें. टांकें खोदणाऱ्या काळानें नांव कोरण्यासही सवड काढली. एकामुळें दुसरें अडलें नाहीं. ज्या मुलास आपल्या बांधावरचा दगड कोणाचा, हें विचारावेंसें वाटेल, त्यास आपल्या विहिरीचें पाणी कां आटलें, हेंही विचारावेंसें वाटेल, अशी आमची शिक्षक या नात्यानें समजूत आहे. डोळे उघडे ठेवून पाहण्याची संवय दोन्हीकडे एकच लागते.

असो. त्या दिवशीं बाजारांतून निघतांना ते गृहस्थ सहज बोलून गेले होते कीं, त्यांच्या बांधावरही एक शेंदराचा दगड आहे, आणि तो कोणाचा हें त्यांच्या वडिलांसही ठाऊक नव्हतें. आमचें उत्तर त्यांस पटेल कीं नाहीं, सांगवत नाहीं. पण त्यांच्या मुलास आम्हीं एक कोरी वही दिली आहे.